गौण विषय आणि प्रधान प्रश्न

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमांत प्रधान आणि गौण विषयांची जी नवी मांडणी आली, ती महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या वर्षापासून लागू झाली. तिच्यामुळे मराठी विभागांपुढे एक जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला आहे. व्यावहारिक मराठी, उपयोजित मराठी, व्यावसायिक लेखन अशा नावांनी ओळखला जाणारा विषय गौण विषय म्हणून शिकवायचा, तर त्याचे स्वरूप काय असावे? यासंबंधी दोन भूमिका हिरीरीने मांडल्या जातात. साहित्यनिष्ठांच्या मते अर्ज, इतिवृत्ते आणि माहितीपत्रके शिकविणे हे साहित्याच्या अध्यापकाचे काम नव्हे. तसे करणे म्हणजे विभागाने स्वतःच आपले अवमूल्यन करून घेणे होय. रोजगारवाद्यांच्या मते विभाग टिकवायचा असेल तर विद्यार्थ्याच्या हाती चार नमुने आणि एक कौशल्य द्यावे. मीमांसेची गरज नाही.

या दोन भूमिका परस्परविरोधी भासत असल्या तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. व्यवहाराची भाषा पारदर्शक असते, तिला अर्थ असतो पण अर्थनिर्णयाची समस्या नसते, असे दोघेही धरून चालतात. म्हणूनच एक पक्ष तिला तुच्छ मानतो आणि दुसरा तिला सोपी मानतो. वस्तुतः हे गृहीतकच चुकीचे आहे.

मालवणच्या किनाऱ्यावरील महाविद्यालयात या गृहीतकाची परीक्षा सहज घेता येते. कारण तेथील विद्यार्थ्यांच्या घरांना ज्या दस्तऐवजांनी वेढलेले आहे, ते मुळीच पारदर्शक नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली १९८७ साली मालवणलगतचे २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. अरण्याच्या कल्पनेतून घडलेली परिभाषा येथे समुद्राला लावली गेली. रापण ओढणाऱ्या मच्छीमाराच्या वहिवाटीला त्या परिभाषेत स्थान कोणते? ‘अभय’ कोणाला आणि कोणापासून? शब्द ते सांगत नाही. कलमांतून, सीमावर्णनातून आणि अपवादांतून ते वाचून काढावे लागते. मच्छीमारांनी या अभयारण्याला केलेला विरोध उपजीविकेसाठी होता हे उघड आहे. परंतु उपजीविकेचा प्रश्न त्यांच्यापर्यंत एका संहितेच्या रूपाने पोहोचला, हेही तितकेच खरे.

किनारा सोडून घाटाकडे गेल्यास दुसरे उदाहरण भेटते. आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांतील ‘कबुलायतदार गावकर’ ही संज्ञा सावंतवाडी संस्थानातील जमीनव्यवस्थेतून आली. गावाच्या वतीने साऱ्याची कबुलायत देणारे ते कबुलायतदार. पुढे महसुली दप्तरात या जमिनींवर शासनाचे नाव लागले आणि ग्रामस्थांना आपल्या हक्कासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. जुन्या संज्ञेमागे सामूहिक धारणेची एक संपूर्ण व्यवस्था होती. नव्या नोंदीच्या रकान्यात त्या व्यवस्थेला जागा नव्हती. येथे शब्दार्थाचा बदल हाच मालकीचा बदल ठरला. अर्थपरिवर्तनाची कारणे पाठ करणाऱ्या मराठीच्या विद्यार्थ्याला हे उदाहरण वर्गात क्वचितच ऐकायला मिळते.

तिसरे उदाहरण भाषांतराचे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी प्रकल्प-अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो; संपूर्ण अहवालाला मात्र ती सक्ती नाही. म्हणजे खाणीशेजारच्या गावकऱ्याने शेकडो पृष्ठांच्या इंग्रजी संहितेविषयीचे आपले मत तिच्या संक्षेपावरून बनवावे, अशी ही व्यवस्था आहे. संक्षेप करताना काय गाळले हे मग केवळ लेखनकौशल्याचे प्रकरण राहत नाही. याच अधिसूचनेच्या जागी आणावयाचा २०२० चा मसुदा आठव्या अनुसूचीतील भाषांत अनुवादित करावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी दिला. अनुवादाचा संबंध नागरिकाच्या सहभागाशी आहे, हे न्यायालयाला दिसले. मराठी विभागांतील अनुवादाच्या प्रश्नपत्रिकेला मात्र अद्याप दहा ओळींचा वर्तमानपत्री उतारा पुरेसा वाटतो.

बोलणे ही कृती असते, हा जे. एल. ऑस्टिन यांचा विचार पदव्युत्तर वर्गांना अपरिचित नाही. परंतु या विचाराची सर्वांत ठळक उदाहरणे ठराव, नोंद आणि अधिसूचना हीच आहेत. आणि नेमकी तीच वर्गाबाहेर ठेवली जातात. ग्रामसभेचा ठराव परिस्थितीचे वर्णन करून थांबत नाही, तो परिस्थिती घडवितो. त्यात ‘विचार व्हावा’ लिहिले की ‘संमती नाही’ लिहिले, यावर गावाचे भवितव्य अवलंबून असू शकते.

साहित्यनिष्ठांना येथे त्यांच्याच परंपरेची आठवण करून दिली पाहिजे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र मराठी गद्याच्या इतिहासात मानाने शिकविले जाते. ते मुळात राज्यकारभाराचे मार्गदर्शक लेखन आहे. त्यातील आरमारासंबंधीचे प्रकरण पाहावे. जहाजांना लाकूड हवे, तरीही रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, असा दंडक तेथे आहे. त्यामागचे कारण आहे. जीर्ण झाड धन्याच्या राजीखुशीने आणि मोबदला देऊन घेण्याचा अपवादही आहे. नियम, कारण आणि अपवाद यांची अशी स्पष्ट बांधणी आजच्या किती परिपत्रकांत आढळेल? हे गद्य उत्तम आहे, कारण ते व्यवहाराला पूर्णपणे उतरले आहे. देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ साली ‘दर्पण’ इंग्रजी व मराठी अशा दोन स्तंभांत काढले आणि गणितासाठीही मराठी राबविली. त्यांना साहित्य आणि शास्त्रीय लेखन यांच्यामध्ये भिंत उभारण्याची गरज वाटली नाही.

ही भिंत पुढे उभी राहिली, आणि तिला राज्यनिर्मितीनंतरच्या भाषाधोरणानेही हातभार लावला. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश आला, महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा, शासन व्यवहार कोश १९७३ चा. हे कार्य मोठे होते. परंतु त्याभोवतीचा वाद, आचार्य अत्रे यांनी केलेल्या ‘बदनाम कोश’ या थट्टेसह, बहुतांशी शब्दापाशीच थांबला. शब्द संस्कृत असावा की रूढ, यावर पिढ्या खर्ची पडल्या; वाक्य कोणासाठी लिहिले आहे, हे विचारले गेले नाही. ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की’ या वाक्यात कळविणारा कोण, हे व्याकरणाने लपविले आहे. कर्त्याचे हे लोपणे शैलीचा दोष आहे तसेच उत्तरदायित्वाचाही.

यावर रोजगारवादी म्हणतील की विद्यार्थ्याला नोकरी हवी आहे, दस्तऐवजांची समीक्षा नव्हे. नोकरीची गरज नाकारणे हा सुखवस्तूंचा उद्योग आहे; तो येथे अभिप्रेत नाही. परंतु केवळ नमुने भरण्याचे काम आता यंत्रेही करू लागली आहेत. नमुना कोठे अपुरा पडतो आणि वाचकाला कोठे अडवितो, हे ओळखणाऱ्यालाच यापुढे लेखक म्हणून किंमत राहील. समीक्षा हीच येथे कौशल्य आहे.

म्हणून या गौण विषयाची उभारणी नमुन्यांवर न करता संहितांवर करावी लागेल. जिल्ह्यातील प्रत्यक्ष अधिसूचना, सातबारा, ठराव आणि सारांश वर्गात वाचले जावेत. मासेमारी व शेतीतील मालवणी संज्ञा परिशिष्टात न टाकता परिभाषेच्या विचारात आणाव्यात. विद्यार्थ्याने लिहिलेली सूचना ज्याच्यासाठी लिहिली त्या तांडेलाला वाचायला द्यावी. त्याला ती कळली की नाही, हे गुणदानात धरावे. भूगोल, विधी आणि सागरविज्ञान यांच्या अध्यापकांवाचून हे होणार नाही, आणि मराठी विभागांनी ही मदत मागण्यात संकोच करू नये.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद रास्त आहे. परंतु ज्या भाषेतील नोंद तिच्या भाषकाला वाचून कळत नाही आणि त्याच नोंदीने त्याची जमीन वा समुद्र हिरावला जाऊ शकतो, त्या भाषेच्या अध्यापकांना केवळ प्राचीनतेच्या पुराव्यांवर समाधान मानता येणार नाही. विषय गौण असेल. त्याने पुढे आणलेला प्रश्न गौण नाही.