देवळीतला दिवा आणि बिनतारी वीज

जालना जिल्ह्यातल्या जुन्या घरांत भिंतीतच देवळी ठेवलेली असे. दिवा हा घराच्या रचनेचाच भाग होता. पण त्याची काजळी भिंतीवर राही आणि तेल किती लागते, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असे.

आता वीजही सजावटीत मुरू लागली आहे. २०१५ मध्ये स्वीडनच्या आयकियाने टेबलांत व दिव्यांतच मोबाइल चार्ज करण्याची बिनतारी सोय बसवली. त्याआधी, २००७ मध्ये, एमआयटीतील संशोधकांनी तांब्याची दोन वेटोळी दोन मीटर अंतरावर ठेवून ६० वॅटचा दिवा पेटवून दाखवला होता. मात्र त्या अंतरातच निम्म्याहून अधिक ऊर्जा वाया गेली.

तारांचे जंजाळ कोणालाच नको असते, हे मान्य. तथापि ‘बिनतारी’ हे विशेषण आम्हांला फसवे वाटते. त्या टेबलाची तार शेवटी भिंतीतल्या प्लगलाच भिडते. तिथून खांबाकडे, खांबावरून रोहित्राकडे जाते. ते रोहित्र जळाले की ऐन रब्बीत विहिरीत पाणी असूनही गहू तहानलेला राहतो, हे आमच्या वर्गातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवावे लागत नाही. विशेषण वस्तुस्थिती कशी झाकते, हे मात्र शिकवावे लागते.

तार दिसेनाशी होते, नाहीशी होत नाही. सुंदर घराला आमची हरकत नाही. पण देवळीने आपली काजळी कधी लपवली नव्हती, एवढे स्मरण असावे.