सांडलेलं चांदणं

कोजागिरीची रात्र. गच्चीवर सतरंजी, पातेल्यात मसाला दूध आणि वर चक्क ढगांशिवाय चंद्र! गच्चीवरचे दिवे मुद्दाम बंद केलेले. आजी खुर्चीत बसून दुधाच्या ग्लासात चंद्र शोधतेय. असा सीन समोर असताना कोण फोन काढणार नाही? मी काढला. पहिला फोटो असा आला, की जणू आजीच्या चेहऱ्यावर कुणी मूठभर रवा उधळलाय. मग नाइट मोड लावला. ‘हलू नका’ असा हुकूम सुटला. फोटो झक्कास उजळला. पण चांदण्याची दुपार झाली, भाच्याला तिसरा हात फुटला आणि ब्याऐंशी वर्षांच्या आजीच्या सुरकुत्या गायब! आईने फोटो पाहून विचारलं, ‘‘ही कोण?’’

मंडळी, हा वैताग माझ्या एकट्याचा नाही. कँडललाइट डिनर असो की मित्राच्या संगीतमधला डान्स, रात्रीच्या फोटोंची रड सगळ्यांची सारखीच. आपण अंधाराला दोष देतो. पण खरी गोम वेगळीच आहे. लेन्समधून जो काही थोडाफार उजेड आत येतो, त्यातला निम्म्याहून जास्त, ढोबळमानाने दोन तृतीयांश, कॅमेरा स्वतःच वाया घालवतो. मुद्दामहून. रंग दिसावेत म्हणून!

त्याचं असं आहे, की सेन्सरवरचे पिक्सेल ठार रंगांधळे असतात. किती उजेड पडला एवढंच त्यांना कळतं, कोणत्या रंगाचा ते नाही. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी यावर तोडगा काढला आणि १९७६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. प्रत्येक पिक्सेलच्या डोक्यावर एका रंगाचा फिल्टर बसवायचा. चारातले दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरवे दोन, कारण आपला डोळा हिरव्याला सगळ्यात तेज. उरलेले दोन रंग प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्यांना विचारून अंदाजाने भरतो. म्हणजे तुमच्या फोटोतली दोन तृतीयांश रंगाची माहिती हा सुशिक्षित अंदाज असतो, बॉस! तरीही आयडिया इतकी सॉल्लिड, की जवळपास पन्नास वर्षं झाली, बहुतेक सगळे फोन तिच्यावरच चालतात.

पण फिल्टर म्हणजे सोसायटीचा खडूस वॉचमन. लाल शर्टवाल्यालाच आत सोडणार, बाकीच्यांना गेटवरच अडवणार. शेजारच्या विंगला नेमका हिरवा शर्टवाला हवा असेल, तरी हा त्याला तिकडे पाठवणार नाही. तो उजेड फिल्टरमध्येच जिरून जातो. त्यापेक्षा ‘तुम्ही ए विंग, तुम्ही बी विंग’ असं सांगणारा वॉचमन ठेवला तर?

ही युक्ती टीव्हीवाल्यांना केव्हाच ठाऊक होती. त्यांच्या मोठ्या कॅमेऱ्यांत प्रिझम प्रकाशाचे तीन रंग वेगळे करून तीन वेगळ्या चिप्सवर पाठवायचा. फोनच्या पिक्सेलवर मात्र ते जमत नाही. आजचे लहान पिक्सेल जेमतेम ६४० नॅनोमीटरचे. केसाच्या जाडीत शंभराच्या आसपास मावतील. लाल प्रकाशाच्या लहरीची लांबीच साधारण ६५० नॅनोमीटर! एवढ्याशा जागेत नेहमीचा काचेचा प्रिझम काही कामाचा नाही. म्हणून मग इतर जुगाड झाले. हुवावेने २०१९ मध्ये पी३० प्रो फोनात हिरव्याऐवजी पिवळे फिल्टर लावले आणि ४० टक्के जास्त उजेडाचा दावा केला. म्हणजे वॉचमन तोच, फक्त जरा सैल केला.

खरी मजा पॅनासोनिकने केली. २०१३ मध्ये ‘नेचर फोटॉनिक्स’मध्ये त्यांच्या संशोधकांनी दाखवलं, की फिल्टरच काढून टाकता येतो. त्याजागी पिक्सेलवर काही शे नॅनोमीटरच्या पारदर्शक भिंती उभ्या करायच्या. या पदार्थात प्रकाश हळू चालतो. त्यामुळे भिंतीतून गेलेली लहर मागे पडते, बाजूने गेलेली पुढे राहते. दोघी खाली भेटल्या, की काही दिशांना एकमेकींना जोर देतात, काही दिशांना एकमेकींना मारतात. कुठल्या दिशेला काय, हे रंगावर ठरतं. झालं! लाल बाजूच्या पिक्सेलवर, बाकीचे सरळ खाली. मोरपिसाचं निळं-हिरवं हेही याच जातीचं. पिसात निळा-हिरवा रंग भरलेला नसतोच, सूक्ष्म रचनेवर प्रकाश तसा खेळतो. पिक्सेलला मिळतात ते ‘पांढरा अधिक लाल’, ‘पांढरा वजा लाल’ असे मिश्र हिशेब. मग गणित करून रंग वेगळे काढायचे. फायदा जवळपास दुप्पट उजेडाचा.

मग इतक्या वर्षांत हे आपल्या खिशात का नाही आलं? एक म्हणजे कोट्यवधी पिक्सेलवर इतक्या बारीक भिंती नेमक्या जागी बसवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. दुसरं, फोनची लेन्स सेन्सरच्या अगदी जवळ असते, त्यामुळे कोपऱ्यातल्या पिक्सेलवर उजेड तिरका येतो आणि वॉचमन गोंधळतो. लाल पाहुणा निळ्याच्या घरी! तिसरं, ते वजाबाकीचं गणित. त्यात रंगांचे दाणे वाढतात, म्हणजे उजेडात कमावलेलं थोडं रंगात गमावलं.

आणि तरीही गोष्ट पुढे सरकलीय. सॅमसंगने २०२५ मध्ये ‘नॅनोप्रिझम’वाला ५० मेगापिक्सेलचा सेन्सर आणला. एरवी वाया जाणारा उजेड शेजारच्या योग्य पिक्सेलकडे वळवायचा आणि आधीच्या सेन्सरपेक्षा २५ टक्के जास्त संवेदनशीलता मिळवायची, असा कंपनीचा दावा. २५ टक्के म्हणजे किती? जिथे शटर १/२० सेकंद उघडं ठेवावं लागायचं, तिथे १/२५ मध्ये भागेल. भाच्याचा तिसरा हात एवढ्याने जाणार नाही, मान्य. पण ही कमाई सॉफ्टवेअरच्या अंदाजाची नाही, खऱ्या उजेडाची आहे. मला विचाराल तर मेगापिक्सेलच्या आकड्यांपेक्षा जाहिरातीतली ही ओळ शोधण्यात जास्त अर्थ आहे.

आईने शेवटी कुठला फोटो ठेवला म्हणता? रवा उधळलेलाच. त्यात आजी निदान आजीसारखी दिसते. आजीला मी हे सगळं नॅनोपुराण समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘अरे, मग दिवा लावून काढायचास की फोटो!’’