घरात काही कमी आहे का?

‘नोकरी करायची म्हणतेस? का गं, घरात काही कमी आहे का?’

मैत्रिणींनो, हा प्रश्न जिला कुणीच कधी विचारला नाही अशी शिकलेली बाई शोधून सापडायची नाही. सासूबाई विचारतात, शेजारीण विचारते, लग्नकार्यात भेटलेल्या लांबच्या आत्याबाई विचारतात. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तर मला विचारतात, ‘तेवढ्या पगारासाठी कशाला दगदग?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण प्रश्नाच्या पोटात एक गोष्ट धरूनच चाललेली असते. ती अशी, की बाईने कमवायचे ते घरात काही उणे असेल तरच. घर भरलेले असेल, तर तिच्या हुशारीला बाहेर काही काम नाही!

या प्रश्नाला भर सभेत उत्तर देणारी एक तरुण वकील बाई १९२९ साली होऊन गेली. पुढे तीच आपल्या देशातली पहिली स्त्री न्यायाधीश झाली. आजच्या सदरात तिचीच ओळख करून घेऊ.

नाव अन्ना चांडी. ‘अन्ना’ म्हटल्याबरोबर आपल्या डोळ्यांपुढे धोतर-टोपीतले एखादे अण्णा उभे राहतात. पण केरळातल्या ख्रिस्ती घरांतून हे मुलीचे नाव! अन्नाबाईंचा जन्म ४ मे १९०५ चा. त्या वाढल्या त्रिवेंद्रमला, म्हणजे आताच्या तिरुअनंतपुरमला. तेव्हा केरळ राज्य नव्हते; त्रावणकोर हे संस्थान होते. १९२६ साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली. त्या भागात ही पदवी घेणाऱ्या त्या पहिल्याच. १९२९ पासून त्या कोर्टात उभ्या राहू लागल्या, आणि त्यातही फौजदारी खटल्यांत त्यांचे नाव झाले. खून, मारामाऱ्या, साक्षीपुरावे! बाईमाणसाने ज्या गोष्टी कानावर पडू देऊ नयेत असे म्हणत, त्याच त्यांच्या रोजच्या कामाच्या झाल्या.

त्याच सुमारास त्रावणकोरात एक वाद पेटला होता. सरकारी नोकऱ्यांत बायकांसाठी काही जागा राखून ठेवाव्यात की नाही? गंमत बघा हं. १९२४ पासून १९३१ पर्यंत त्या संस्थानचा कारभार रीजंट म्हणून पाहत होत्या महाराणी सेतु लक्ष्मीबाई. म्हणजे गादीचा कारभार बाईने पाहिलेला चालत होता, पण कचेरीत कारकून म्हणून बाई बसली तर संसार मोडतील अशी लोकांना धास्ती! टी. के. वेलू पिल्लै नावाचे एक वजनदार गृहस्थ या मताचे. बायका नोकरीला लागल्या की विवाहसंस्था डळमळेल, असे त्यांनी जाहीरपणे मांडले.

अन्नाबाई त्या सभेत उठल्या त्या वकिलासारख्याच. समोर जणू एखादा दावा दाखल झाला आहे आणि आपण प्रतिवादीची बाजू मांडतो आहोत, अशा थाटात त्यांनी पिल्लैंचे एकेक कलम हातात घेतले. वादीचे म्हणणे काय? तर बाई ही पुरुषाच्या घरगुती सुखासाठीच निर्माण झाली आहे, सबब तिने पोट भरण्यासाठी धडपड करू नये, असा हुकूम मिळावा. दाव्याचा मजकूरच असा उलगडून ठेवला की त्यातला पोकळपणा आपोआप दिसावा. त्यांनी आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणीही आणले नाही. मुद्द्याला मुद्दा! तेव्हा त्यांचे वय होते अवघे चोवीस.

नुसते भाषण करून त्या थांबल्या नाहीत. १९३० साली त्यांनी ‘श्रीमती’ नावाचे बायकांसाठीचे नियतकालिक काढले आणि त्याचे संपादनही स्वतःच केले. हे वाचून मला फार बरे वाटले. आपण हातात धरतो त्या मासिक-साप्ताहिकांना पुष्कळजण ‘बायकांचे वाचन’ म्हणून नाक मुरडतात ना? पण देशातल्या पहिल्या न्यायाधीश बाईंनी आपली बाजू मांडायला जी जागा निवडली, ती हीच.

पुढच्याच वर्षी त्या श्रीमूलम प्रजासभेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. मग काय विचारता! विरोधकांनी आणि वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर नको नको ते तोंडसुख घेतले. बाई चूल सोडून चव्हाट्यावर आली की पहिला हल्ला तिच्या चारित्र्यावर, ही रीत सगळीकडची सारखीच. पण त्या मागे हटल्या नाहीत. १९३२ ते १९३४ या काळात त्या प्रजासभेच्या सदस्य होत्या.

अन्नाबाईंची सगळीच मते आपल्याला गोड लागतील असे नाही. त्रावणकोरच्या कायद्यात बायकांना फाशीच्या शिक्षेतून सूट होती. आपण म्हणू, बरेच झाले की! पण अन्नाबाईंनी या सवलतीविरुद्ध कडक शब्दांत लिहिले. हक्क बरोबरीचे हवेत, तर जबाबदारीही बरोबरीचीच घेतली पाहिजे, हा त्यांचा हिशेब. नको तिथे ‘अबला’ म्हणून सोडून दिले, की हवे तिथेही ‘अबला’ म्हणूनच मागे ठेवतात. फाशी असावी की नसावी हा वाद निराळा. पण सोयीची तेवढी बरोबरी मागायची नाही, हा सरळपणा मात्र घेण्यासारखा आहे.

आणखी एक विषय होता, ज्यावर तेव्हा बायका आपसातसुद्धा कुजबुजत बोलत. १९३५ च्या सुमारास अखिल भारतीय महिला परिषदेत अन्नाबाईंनी संततिनियमनाची केंद्रे उघडावीत असा आग्रह धरला. त्याला विरोध झाला, तो बायकांकडूनही. मतदान मिळाले, नोकरी मिळाली, तरी स्वतःच्या शरीरावर बाईचा हक्क नसेल तर ते स्वातंत्र्य अर्धेच, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्याच काळात आपल्याकडे र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मधून हेच सांगत होते आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या बाईंची छाती केवढी होती ते कळते.

आता त्यांच्या नोकरीकडे वळू. १९३७ साली त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी त्यांना मुन्सफ नेमले. दिवाणी न्यायालयांच्या शिडीची ही अगदी खालची पायरी. पण या पायरीवर देशात त्यापूर्वी एकाही बाईचे पाऊल पडले नव्हते. आपल्या आत्मकथेत त्यांनी त्या दिवसांबद्दल मोकळेपणाने सांगितले आहे. मनात थोडी भीती होती. पण त्याहून मोठा होता तो निश्चय. आपल्यावर प्रयोग होतो आहे हे त्या ओळखून होत्या. आपण कमी पडलो तर नुकसान एकट्या अन्नाचे होणार नाही, मागून येणाऱ्या साऱ्याजणींची वाट अडेल, हे त्यांना स्वच्छ दिसत होते.

हे ओझे आपल्याला नवे आहे का? स्कूटर चालवताना एखादा पुरुष धडकला तर लोक म्हणतात, ‘लक्ष नव्हतं बिचाऱ्याचं.’ आणि बाई धडकली तर? ‘बायकांना चालवताच येत नाही!’ एका बाईची चूक सगळ्या बायकांच्या खात्यावर मांडली जाते. अन्नाबाईंना तर हे ओझे डोक्यावर घेऊन न्यायासनावर बसायचे होते, निकाल लिहायचे होते, आणि त्या प्रत्येक निकालाकडे शंभर डोळे लागलेले असणार होते.

त्या कमी पडल्या नाहीत. १९४८ साली त्या जिल्हा न्यायाधीश झाल्या. संस्थान गेले, देश स्वतंत्र झाला, १९५६ साली केरळ राज्य आले, आणि ९ फेब्रुवारी १९५९ रोजी अन्ना चांडी केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. भारतातल्या कुठल्याही उच्च न्यायालयातल्या त्या पहिल्या स्त्री न्यायाधीश. वकिली सुरू केल्यापासून इथवर यायला तीस वर्षे लागली! लोणचेसुद्धा मुरायला वेळ घेते. हे तर माणसांच्या मनांतले पूर्वग्रह. ५ एप्रिल १९६७ ला त्या निवृत्त झाल्या, मग विधी आयोगावर काम केले, आणि १९७३ साली त्यांची ‘आत्मकथा’ प्रसिद्ध झाली. २० जुलै १९९६ रोजी एक्क्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. त्यांचे यजमान पी. सी. चांडी पोलीस अधिकारी होते. पिल्लैंनी ज्या संसारांची काळजी वाहिली होती, तशातलाच हाही एक संसार!

‘पण त्या न्यायाधीश झाल्या म्हणून दुसऱ्या कुणाच्या घरात काय फरक पडला?’ असे कुणी विचारील. त्याचे उत्तर केरळातल्याच एका घरात आहे. पत्तनमतिट्टा गावच्या मीरा साहेब नावाच्या सरकारी नोकराची थोरली मुलगी फातिमा बी.एस्सी. झाली. तिला पुढे रसायनशास्त्रच शिकायचे होते. पण वडिलांच्या मनावर अन्ना चांडींच्या कर्तबगारीचा मोठा ठसा होता. त्यांनी मुलीला सांगितले, तू कायदा शीक. १९५० साली ती बार कौन्सिलच्या परीक्षेत पहिली आली आणि सुवर्णपदक मिळवणारी पहिली स्त्री ठरली. १९५८ ला ती मुन्सफ झाली, आणि ६ ऑक्टोबर १९८९ रोजी न्यायमूर्ती फातिमा बीवी सर्वोच्च न्यायालयात बसणाऱ्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या. एका बाईला न्यायासनावर पाहून एका बापाने आपल्या मुलीबद्दल वेगळा विचार केला. फरक पडतो तो असा.

आता जरा आपल्या महाराष्ट्राकडे बघू. मुंबईचे उच्च न्यायालय १८६२ चे, देशातल्या जुन्यांतले जुने. तिथे पहिली स्त्री न्यायाधीश आली १९७८ साली, म्हणजे ११६ वर्षांनी! त्या न्यायमूर्ती सुजाता मनोहर. १९९४ मध्ये त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायाधीश झाल्या आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कामाच्या जागी बायकांची छेडछाड होऊ नये म्हणून १९९७ साली ‘विशाखा’ प्रकरणात जो निकाल लागला, तो देणाऱ्या तीन न्यायाधीशांत त्या होत्या. त्या निकालाच्या पायावर २०१३ चा कायदा उभा राहिला. जिथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात, तिथे अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि तिची अध्यक्ष स्त्रीच असली पाहिजे. तुमच्या ऑफिसात, शाळेत, बँकेत ती आहे का? तिच्यावर कोण कोण आहे, ते विचारून घ्या. कायदा कपाटात ठेवून उपयोगाचा नाही. तो मिठाच्या बरणीसारखा हाताशी हवा.

आणि सर्वोच्च न्यायालयाचे काय? ते सुरू झाले १९५० साली. पहिली एकोणचाळीस वर्षे तिथे एकही स्त्री न्यायाधीश नव्हती. १९८९ पासून २०२१ पर्यंतच्या नेमणुका मोजल्या, तर साऱ्या मिळून अकराजणी. हळदीकुंकवाला याहून जास्त बायका जमतात!

हा आकडा वाढायचा तर सुरुवात दिल्लीत व्हायची नाही, ती तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरात व्हायची. घरात मुलगी उलट प्रश्न विचारू लागली की आपण पटकन काय म्हणतो? ‘पुरे झाली तुझी वकिली!’ भावाला दूध आधी का, त्याला संध्याकाळी बाहेर जायला परवानगी आणि मला का नाही, ताटे मीच का उचलायची, असले तिचे प्रश्न असतात. ते प्रश्न म्हणजे उद्धटपणा नाही. तो एक छोटासा दावा आहे, आणि न्यायाधीश आहोत आपण. तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्या. मुद्दा बरोबर असेल तर निकाल तिच्या बाजूने द्या, आणि त्या रात्रीची ताटे मुलाला उचलू द्या. मुद्दा चूक असेल तर का चूक, तेही समजावून सांगा.

आणि ‘घरात काही कमी आहे का?’ असे कुणी विचारलेच, तर रागावू नका. ‘घरात काही कमी नाही हो, माझ्यातही नाही; म्हणून तर जाते,’ असे हसून सांगा, आणि पर्स उचलून आपल्या कामाला लागा.