पथ्याचा हिशेब

नॉर्वेत किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या गावांत मल्टिपल स्क्लेरोसिस कमी आणि आतल्या, दूध-लोणी खाणाऱ्या शेतकरी भागात जास्त, हे डॉ. रॉय स्वँक यांना विसाव्या शतकाच्या मध्यात दिसलं. माँट्रियलमध्ये त्यांनी रुग्णांच्या ताटातली संपृक्त चरबी कमी केली. 144 जणांची नोंद त्यांनी 34 वर्षं ठेवली. दिवसाला 20 ग्रॅमच्या आत राहिलेल्यांची तब्येत कमी ढासळली, असं 1990मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. चिकाटीला दाद द्यायलाच हवी. पण पथ्य न दिलेला तुलनेचा गट त्यांच्याकडे नव्हता. आणि तब्येत बरी असेल त्यालाच पथ्य झेपतं, ही शंका उरतेच.

या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मज्जातंतूंवरच्या मायेलिनच्या आवरणावरच हल्ला करते. विशिष्ट आहाराने तो थांबतो, असा भक्कम पुरावा आजही नाही. थकव्याचं मात्र वेगळं. 2021मध्ये अमेरिकेत स्वँक आणि वॉल्स या दोन आहारांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा दोन्ही गटांचा थकवा उतरला होता. गंमत अशी, की स्वँकना धान्य चालतं, वॉल्सच्या ताटात धान्यही नाही आणि डाळही नाही. वरणभातावर वाढलेल्याने कोणाचं ऐकावं? दोघांच्या ताटात सारखं आहे ते पाहावं, असं मला वाटतं: भरपूर भाज्या-फळं आणि डबाबंद खाण्याला फाटा.

औषधं थांबवून रस प्या म्हणणाऱ्यांचेही लेख आमच्याकडे आले होते. ते या अंकात घेतलेले नाहीत.