संकुलाला खाशाबांचं नाव दिलं, पण कॉलेज संपल्यावर खेळाडूचं काय?

परवा एक पोरगा ऑफिसात आला. हातात फाईल, आत वीस-बावीस प्रमाणपत्रं, सगळी लॅमिनेट केलेली. चारशे मीटर, लांब उडी, शिवाय कॉलेजच्या कबड्डी संघात. "सर, तुम्ही माझी बातमी छापली होती. कात्रण मिळेल का? फाईलला लावायचंय."

बातमी मीच लिहिली होती. चार ओळींची, आणि त्यात त्याचं आडनाव चुकवलेलं.

आता वय सव्वीस. पहाटे पोलीस भरतीसाठी धावतो, रात्री गोदामात पार्सलं उचलतो.

घरी जाताना विद्यापीठावरून गेलो. आत खाशाबा जाधव क्रीडा संकुल आहे. खाशाबांचं म्हणाल तर आपल्याला १९५२ चं हेलसिंकीचं ब्राँझ तेवढं पाठ असतं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, बस्स. पण कराडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी शाळेत असल्यापासून कुस्तीसोबत पोहणं, धावणं, वजन उचलणं, हातोडाफेक सगळंच करायचा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात असताना १९४८ ला लंडनला गेला आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा त्याच कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार दिले. त्या काळचे सात हजार! परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लावून ते कर्ज फेडलं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते यापुढचं. पदक १९५२ चं, पोलीस खात्यात फौजदाराची नोकरी मिळाली १९५५ ला. खात्यात त्यांनी इतरांना खेळ शिकवला आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. तरी पेन्शनसाठी भांडावं लागलं. १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर, सोळा-सतरा वर्षांनी. पद्म पुरस्कार तर नाहीच.

ऑलिम्पिक पदकवाल्याची ही गत, तर आमच्या चारशे मीटरवाल्याला कोण विचारणार?

सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण नुसतं प्रमाणपत्र असून भागत नाही. ते नियमात बसावं लागतं, क्रीडा खात्याकडून त्याची पडताळणी करून घ्यावी लागते. पोरांना हे कळतं भरतीची जाहिरात आल्यावर. तोवर क्रीडाशिक्षक बदललेले, जुने कागद कपाटात कुठेतरी. करंडक मात्र प्राचार्यांच्या केबिनमध्ये चकचकीत.

माझं म्हणणं साधं आहे. ज्या कॉलेजने पोराला तीन-तीन खेळांत उतरवून करंडक नेले, त्याने तो बाहेर पडण्याआधी त्याची फाईल पूर्ण करून द्यावी. कुठली स्पर्धा आरक्षणात धरतात, कुठली नाही, हे पहिल्याच वर्षी सांगावं. घर गहाण टाका असं कोणी म्हणत नाहीये. एक कारकून आणि आठवड्यातले दोन तास पुरतील. आणि आम्ही बातमीदारांनी निदान आडनाव तरी नीट लिहावं.

त्याचं कात्रण अजून शोधतोय. पुण्यात पडताळणीचं काम केलेलं कोणी असेल तर कमेंटमध्ये लिहा किंवा इनबॉक्स करा, पोराला तुमच्याकडे पाठवतो.