नम्रता म्हणजे होयबा नव्हे!

ख्रिस्ती उत्तेजनपर लिखाणात एक सल्ला हमखास सापडतो: नम्र राहा, बाकी प्रभू बघून घेईल. ऐकायला गोड! पण पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच निघतो की वरचा म्हणेल त्याला मान डोलवा. (आमच्या अप्रेझलमध्ये याला 'टीम प्लेयर' म्हणतात.) मला हे साफ नामंजूर आहे.

पंडिता रमाबाईंचंच बघा ना. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. मग गप्प बसल्या का? छे! ज्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या मार्गदर्शक, त्यांच्याशीच पत्रांतून कडाडून वाद. त्रैक्याचा सिद्धांत असो की चर्चचा अधिकार, स्वतःच्या बुद्धीला पटल्याशिवाय मानणार नाही म्हणजे नाही. ही पत्रं छापून आलेली आहेत, जरूर वाचा. त्यात अहंकाराचा ठपकाही बाईंवर आलेला दिसेल.

आणि हीच 'अहंकारी' बाई, जिला १८७८ मध्ये कलकत्त्यात 'सरस्वती' ही पदवी मिळाली होती, उतारवयात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू-ग्रीक घेऊन बसली. कशासाठी? तर कमी शिकलेल्या बायकांना कळेल असं साध्या मराठीतलं बायबल हवं म्हणून. संस्कृत जिभेवर असलेल्या बाईने जड संस्कृत शब्द वेचून बाजूला काढायचे, हे किती कष्टाचं असेल! छपाईचं कामही मुक्तीतल्याच बायका-मुलींचं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, ग्रंथ पूर्ण छापून निघाला १९२४ मध्ये.

तेव्हा पाळकसाहेब, प्रश्न विचारणाऱ्या पोरीला 'जरा नम्र हो' म्हणण्याआधी ती पत्रं तरी चाळा, राव.