पाटीवर १८५३ लिहू नका!

वर्कशॉपच्या मागे उन्हाळ्यात ट्रेलरवरून एक मोडकं वाफेचं इंजिन येऊन पडलंय, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. निम्म्या जणांचे त्यावर चढून फोटो काढून झालेत. धुराडं गायब, नंबरप्लेटा गॅसने कापून नेलेल्या, सिलिंडरचं एक झाकण फुटलेलं आणि टेंडरचा तर पत्ताच नाही. आता ते रंगवून गेटजवळ चौथऱ्यावर ठेवायचं घाटतंय. आणि पाटीवर म्हणे लिहायचं, 'भारतातील पहिल्या रेल्वेच्या काळातील इंजिन, १८५३'. माझा याला सरळ विरोध आहे.

अहो, टेप लावून तर बघा! १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली ती ५ फूट ६ इंची रुळांवरून, म्हणजे १६७६ मिलिमीटर. आपलं इंजिन मीटरगेजचं, म्हणजे १००० मिलिमीटरचं. विषय संपला.

दुसरा पक्ष म्हणतो, 'वायपी' लिहा. का, तर पॅसेंजर-एक्स्प्रेसचं इंजिन म्हटलं की रुबाब वाटतो. पण वायपीला पुढे चार लहान चाकं, मग सहा मोठी आणि मागे दोन. आपल्याकडे दोन-आठ-दोन. म्हणजे हे मालगाडीचं वायजी. मोठ्या चाकाचा व्यासही तेच सांगतो. नवीन असताना वायपीचं चाक १३७२ मिलिमीटर, वायजीचं १२१९. आपलं त्याहून थोडं कमी भरतं, आणि ते भरणारच. धाव झिजते, ती लेथवर पुन्हा पुन्हा उतरवतात. वायजी १९४९ पासून बनली, टेल्कोतही आणि चित्तरंजनलाही. चित्तरंजनला वाफेची इंजिनं बनणं थांबलं १९७२ मध्ये. तेव्हा आपलं इंजिन स्टाफरूममधल्या काही जणांच्याच वयाचं निघायचं, १८५३ कुठलं घेऊन बसलात!

पण वायजी हजाराच्या वर बनली. त्यातलं हे कोणतं? इथे मला थोडं घरचं सांगावं लागेल. माझे मामा पूर्णेच्या लोकोशेडला फायरमन होते. १९८५ च्या सुमारास सुट्टीत आम्ही भावंडं यार्डाच्या भिंतीवर बसून इंजिनांचे नंबर वहीत उतरवायचो. एका वायजीच्या डाव्या पायफळीला, सिलिंडरच्या मागे, दोन ओळींत रिव्हेट मारलेलं ठिगळ होतं. मामा म्हणायचे, "फाटकावर ट्रकला घासलंय लेकाचं." आम्ही त्याला 'ठिगळ्या' म्हणायचो. वहीत त्याच्या नंबराचे शेवटचे आकडे ४७.

विभागात यावर हसले. लहानपणची आठवण हा काय पुरावा, असं एका सरांचं म्हणणं. मान्य, नुसती आठवण पुरावा नव्हेच. पण ती कुठे बघायचं ते सांगते. इंजिनाची डावी बाजू भिंतीला टेकलेली, झुडपांनी झाकलेली होती. ती साफ व्हायच्या आधी मी ठिगळाचं चित्र काढून टी.ई.च्या दोन पोरांच्या हाती दिलं. त्यांनी झुडपं तोडली. ठिगळ होतं, दोन ओळींत, सात रिव्हेट! त्यात एका दांड्यावर ठोकलेल्या नंबराचा शेवट ४७ निघाला. दुसऱ्या दांड्यावर १२ आहे, हेही लिहून ठेवतो. मोठ्या ओव्हरहॉलला इंजिनं उघडली की एकाचा दांडा दुसऱ्याला जायचा, त्यामुळे एकट्या दांड्यावर विसंबून चालत नाही. वही, ठिगळ आणि दांडा तिन्ही एकत्र धरले तरच गोष्ट जमते. मला ती जमलेली वाटते. ज्यांना वाटत नाही त्यांनी आणखी नंबर शोधावेत, माझी ना नाही.

अडचण वेगळीच आहे. रंगाच्या ठेकेदाराच्या यादीत पहिलं काम आहे, 'खराब पत्रे घासून, लांबी भरून सपाट करणे'. म्हणजे ठिगळ गेलं, आणि ग्राइंडर दांड्यांवर फिरला की नंबरही गेले. नंतर पाटीवर काहीही लिहा, तपासणार कशावरून? माझं म्हणणं एवढंच, की आधी नोंद, मग रंग. ठिगळ तसंच ठेवावं, फक्त गंज थांबवावा. पाटीवर 'वायजी, मीटरगेज' एवढं खात्रीचं लिहावं आणि नंबरापुढे खुशाल प्रश्नचिन्ह टाकावं.

ठेकेदार सबमिशन संपल्यावर येणार आहे. त्याआधीच्या शनिवारी दुपारी मी तिथे असेन. येणाऱ्यांनी चिंध्या, रॉकेल, खडू आणि टेप आणावी. वायर ब्रश कृपया खोलीवरच ठेवा.